मांजर, माती आणि चौथा मजला

१/
मराठी घरांत मांजरावर चाललेला सर्वांत जुना खटला घाणीचा आहे. गादीवर, गव्हाच्या पोत्यावर किंवा नुकत्याच धुतलेल्या पांघरुणावर मांजराने लघवी केली की निकाल ठरलेला असे: गोणीत घाला आणि नदीपलीकडे सोडून या. आजही हाच निकाल लागतो. गोणीची जागा दुचाकीवरच्या पिशवीने घेतली आणि नदीची जागा शहराबाहेरच्या रस्त्याने, एवढाच काय तो फरक. या धाग्यात त्या खटल्याचे दप्तर उघडू. आरोपीची बाजू साडेनऊ हजार वर्षे मागे जाते.

२/
सुरुवात नावापासून. संस्कृतातील ‘मार्जार’ हा शब्द ‘मृज्’ या धातूशी जोडला जातो. मृज् म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. ‘मार्जन’ आणि ‘संमार्जन’ हे शब्द त्याच कुळातले. प्राकृतात मार्जाराचे ‘मज्जार’, ‘मंजर’ झाले आणि तिथून आपले ‘मांजर’ आले. ज्या महाराष्ट्री प्राकृताच्या अंगणात मराठी वाढली, तिचे एक मोठे पीठ म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, आजचे पैठण. ते छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. पूर्वजांनी या प्राण्याचे नाव त्याच्या नखांवरून ठेवले नाही, डोळ्यांवरूनही नाही. अंग चाटून स्वच्छ ठेवण्याच्या सवयीवरून ठेवले. असा प्राणी घाण करू लागला, तर काहीतरी बिनसले आहे हे त्या नावातच सांगितलेले आहे.

३/
आता वंशावळ. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले की जगभरातील पाळीव मांजरे पश्चिम आशियातील रानमांजरांपासून आली. शास्त्रीय नाव ‘फेलिस लिबिका’. हा कोरड्या, वालुकामय प्रदेशाचा रहिवासी. त्याच जातीची आशियाई शाखा आजही राजस्थान आणि कच्छच्या रखरखीत पट्ट्यात आढळते. वाळवंटाने या प्राण्याला दोन गोष्टी दिल्या. पहिली, पाणी जपून वापरणारी आणि लघवी अत्यंत दाट करणारी मूत्रपिंडे. दुसरी, भुसभुशीत माती पायाने उकरून तिथे विधी उरकण्याची आणि वरून माती ओढण्याची सवय. हे दोन्ही वारसे तुमच्या सोफ्यावर झोपलेल्या मांजराने अजून टाकलेले नाहीत.

४/
माणसाशी त्याची गाठ पडली ती शेतीमुळे. सायप्रस बेटावरील शिलुरोकांबोस येथे एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचेही दफन सापडले. काळ सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा. फ्रेंच संशोधक झाँ-दनी व्हिन्य आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ते प्रसिद्ध केले. सायप्रसवर मांजर मूळचे नाही, म्हणजे कुणीतरी ते होडीत घालून नेले होते. धान्य साठले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. कुत्र्याला माणसाने कामाला लावले. मांजर मात्र आपल्या कामासाठी आपणहून आले आणि आपल्या अटींवर राहिले.

५/
आपल्या उपखंडातला जुना पुरावा मोठा गमतीचा आहे. सिंधमधील चन्हुदडो या हडप्पाकालीन स्थळी अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये उत्खनन केले. तिथल्या एका विटेवर, ती ओली असतानाच उमटलेले मांजराच्या पंज्यांचे ठसे आहेत आणि त्यांच्यावर कुत्र्याच्या पावलांचे. कुत्रा मागे लागला आणि मांजर वाळत घातलेल्या विटांवरून पळाले. मांजराच्या भीतीची ही चार हजार वर्षांहून जुनी नोंद मानायला हरकत नाही. मांजर शिकारी आहे हे सर्वांना ठाऊक असते. ते इतके लहान आहे की स्वतःही कुणाची तरी शिकार ठरू शकते, हे आपण विसरतो. त्याच्या सगळ्या अस्वस्थतेचे मूळ या दुहेरी भूमिकेत आहे.

६/
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मांजराला थेट शासकीय संरक्षण आहे. चौथ्या अधिकरणात राज्यावरील संकटांची चर्चा करताना उंदरांचा उपद्रव झाल्यास मांजरे व मुंगूस मोकळे सोडावेत असे सांगितले आहे. त्यांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला बारा पण दंड. कुत्र्यांना आवर न घालणाऱ्यालाही तोच दंड. शब्द नीट पाहा: मांजर ‘सोडायचे’ आहे, बांधायचे नाही. त्याचे काम मोकळ्या हालचालीवर अवलंबून आहे, हे राज्यशास्त्राच्या ग्रंथकाराला पक्के माहीत होते.

७/
आता आपल्या शहरात येऊ. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेली खडकी, १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर आहे. गुलमंडी, बेगमपुरा, शहागंज या जुन्या वस्त्यांची घरे डोळ्यांसमोर आणा. मधोमध अंगण, मागे परसदार, भिंतीत बळद, कोपऱ्यात कणगी आणि वर मातीचे माळवद. एका माळवदावरून दुसऱ्यावर जायला मांजराला रस्ता ओलांडावा लागत नसे. पलीकडे मोंढ्यात धान्याच्या थप्प्या होत्याच. उंदीर, ऊन, उंची, आडोसा आणि माती या पाचही गोष्टी त्या रचनेत मांजराला आयत्या मिळत.

८/
मांजराचे हे काम किती मोलाचे होते, ते प्लेगच्या काळात पुन्हा उमगले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी पुण्यात रँडचा वध झाला, तो इतिहास आपण शाळेत शिकतो. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवांतून प्लेग पसरतो, हे मांडले. त्यानंतर १९०८ मध्ये वऱ्हाडातील अमरावती येथे नोकरीस असलेले लष्करी वैद्यकीय अधिकारी ब्यूकॅनन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजरांची बाजू मांडली. ज्या गावांत घरोघरी मांजरे भरपूर, तिथे प्लेगचा जोर कमी, असे त्यांचे निरीक्षण होते. प्लेगला आवर घालायला एवढेच पुरेसे नव्हते. पण वऱ्हाडातल्या साध्या घरमांजराची नोंद जागतिक वैद्यकीय नियतकालिकात झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

९/
आता या साऱ्या इतिहासात काय नाही, ते पाहा. शिलुरोकांबोस, चन्हुदडो, अर्थशास्त्र, गुलमंडीचा वाडा, वऱ्हाडातील गाव: मांजर लघवीला कुठे जाते, हा प्रश्न यांपैकी कुठेही उभा राहत नाही. त्याची गरजच नव्हती. दार उघडे होते आणि बाहेर माती होती. ‘मांजराने घरातच राहावे आणि घरातच ठरलेल्या जागी जावे’ ही अपेक्षा साडेनऊ हजार वर्षांच्या सहवासातली अगदी अलीकडची आहे. तिचे वय शंभर वर्षेही नाही.

१०/
ती कशी जन्मली? १९४७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारीण आली. थंडीने तिचा वाळूचा ढीग गोठला होता. मांजरासाठी राख वापरावी तर काळी पावले घरभर उमटत. लोव कुटुंबाचा व्यवसाय कारखान्यांत सांडलेले तेल शोषणारे पदार्थ विकण्याचा. त्याने तिला भाजून दाणेदार केलेली माती दिली. ती माती होती ‘फुलर्स अर्थ’, आपल्याकडच्या मुलतानी मातीची सख्खी बहीण. त्या दाण्यांची पिशवी पुढे दुकानांत गेली आणि मांजर कायमचे घरात राहू शकेल, अशी सोय प्रथमच झाली. लिटर बॉक्सचा इतिहास आपल्या स्वातंत्र्याच्याच वयाचा आहे.

११/
१९८० च्या दशकात बेंटोनाइट ही माती या कामी आली. ओलावा लागताच ती फुगते आणि तिचा गोळा बनतो. तिच्यातील मुख्य खनिज ‘माँटमोरिलोनाइट’. आणि इथे मराठवाडा गोष्टीत शिरतो. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीतही याच कुळातील चिकणखनिजे भरपूर आहेत. पावसात फुगणारी, पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ती माती. दुकानातून विकत आणलेल्या पिशवीतले दाणे आणि शेतातली काळी हे दूरचे नातलग आहेत. मांजर जे मागते आहे, ते फार परके नाही.

१२/
मग बिघडले कुठे? १९७० च्या दशकापासून सिडकोने नवे शहर उभे केले. पुढे गारखेडा, सातारा परिसर, बीड बायपास या भागांत इमारती चढत गेल्या. माणूस अंगणातून चौथ्या मजल्यावर गेला आणि मांजरही त्याच्यासोबत गेले. मांजराच्या दृष्टीने या स्थलांतरात माळवद गेले, परसदार गेले, पळून जाण्याच्या वाटा गेल्या आणि माती गेली. उरली गुळगुळीत फरशी, एक बाल्कनी आणि खिडकीखालून ओरडणारा परका बोका. आपल्याकडे म्हणतात, कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे. घरच एवढे आक्रसले, तर त्याचा पहिला आघात कुणावर होणार?

१३/
मांजराचे ‘घर’ भिंतींचे नसते, वासाचे असते. गाल, कपाळ, शेपटीचे मूळ आणि पंजे यांतील ग्रंथींनी ते दाराच्या चौकटी, खुर्चीचे पाय, आपल्या पोटऱ्या यांवर आपला वास लावत फिरते. हा त्याचा नकाशा. नवी कपाटे आली, पाहुणे आठ दिवस राहिले, बाळ जन्मले, मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर बदलले किंवा दुसरे मांजर आणले की नकाशा पुसला जातो. घाबरलेले मांजर मग सर्वांत तीव्र वासाने तो पुन्हा काढू पाहते. गादी आणि अंथरूण ही आपल्या वासाची ठिकाणे असतात, म्हणून त्यांच्यावर त्याची नजर जाते. ज्याला आपण सूड म्हणतो, ते बहुधा स्वतःला धीर देणे असते.

१४/
याला प्रयोगाचा आधार आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील टोनी बफिंग्टन यांनी मूत्राशयाच्या दाहाने आजारी मांजरांचा दीर्घ अभ्यास केला. अशा अनेक मांजरांत जंतुसंसर्ग सापडत नाही. ताण हे मोठे कारण असते. २०११ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी ३२ मांजरांची ७७ आठवडे ठेवलेली नोंद प्रसिद्ध केली. सांभाळणारी व्यक्ती बदलली किंवा रोजचा क्रम मोडला, की आजारी मांजरांप्रमाणे पूर्णपणे निरोगी मांजरेही खाणे सोडत, ओकत आणि पेटीबाहेर घाण करत. परिस्थिती स्थिर केली की त्रास कमी होई. मांजर तेच, परिस्थिती बदलली की वर्तन बदलते.

१५/
म्हणून उपायांचा क्रम ठरतो. सर्वांत आधी पशुवैद्यक. मूत्रमार्गाचा दाह, खडे, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, म्हातारपणातली सांधेदुखी यांपैकी काहीही घाणीच्या मागे असू शकते. बोका वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. लघवीत रक्त, एकसारखे तिथेच चाटणे, खाणे सुटणे ही लक्षणेही त्याच दिवशी दाखवावीत.

१६/
दुसरी पायरी: घाणीचा प्रकार ओळखा. मांजर उभे राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारत असेल, तर ती हद्दीची खूण आहे. नसबंदी केल्यावर बहुतेक बोक्यांत ही सवय कमी होते किंवा थांबते. खिडकीतून परका बोका दिसत असेल, तर काचेचा खालचा भाग कागदाने झाका. मांजर खाली बसून जमिनीवर किंवा कपड्यांवर लघवी करत असेल, तर कारण बहुधा आजार, पेटीविषयी नाराजी किंवा भीती यांत सापडते.

१७/
तिसरी पायरी: परसदार परत द्या. मांजरे जितकी, त्यांहून एक पेटी जास्त, आणि सगळ्या एकाच कोपऱ्यात नकोत. पेटीची लांबी मांजराच्या दीडपट असावी. दुकानातल्या सुबक झाकणाच्या पेटीपेक्षा धुण्याचा पसरट टब बरा. म्हाताऱ्या मांजरासाठी एक कड कापून बुटकी करा. जागा शांत असावी. धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनजवळ नको, अन्नपाण्याशेजारी नको, आणि एकच वाट असलेल्या अडचणीत तर नकोच, कारण पकडले जाण्याची भीती असलेल्या ठिकाणी कोणतेही मांजर निवांत बसत नाही. दाणे बारीक आणि बिनवासाचे घ्या. दिवसातून किमान एकदा गोळे काढा. गरोदर स्त्रीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

१८/
बाहेरच्या मातीची सवय असलेले मांजर नव्याने घरात आणले असेल, तर ते दुकानातल्या दाण्यांना ओळखतच नाही. अशा वेळी उन्हात वाळवून चाळलेली थोडी माती किंवा वाळू दाण्यांत मिसळा आणि दोन-तीन आठवड्यांत तिचे प्रमाण हळूहळू कमी करा. स्थलांतरिताला नवी भाषा शिकवताना आधी त्याच्या बोलीतले चार शब्द वापरावे लागतात, तसेच हे आहे.

१९/
चौथी पायरी साफसफाईची, आणि आपल्या घरांत सर्वांत मोठी चूक इथेच होते. फिनाईल! काळे असो वा पांढरे, मांजरासाठी ते विषारी आहे. फिनॉलसारख्या पदार्थांचा निचरा करणारी यकृतातील एक महत्त्वाची यंत्रणा मांजरात दुबळी असते. पुसलेल्या फरशीवरून चाललेले मांजर पाय चाटते आणि विष पोटात जाते. अमोनिया असलेले द्रावण मांजराला लघवीसारखेच वाटते, त्यामुळे ते पुन्हा तिथेच बसते. लघवीचे डाग काढणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरा. ते नसेल तर एन्झाइम असलेल्या कपड्यांच्या पावडरीचे पाणी लावून स्वच्छ धुवा आणि वाळल्यावर स्पिरिटने पुसा. मराठवाड्यातील शहाबादी फरशी चुनखडीच्या दगडाची असते. तिच्यावर व्हिनेगर ओतलात तर फरशी खराब होईल आणि खरबरीत झालेला दगड लघवी अधिकच धरून ठेवील.

२०/
पाचवी पायरी: भीती कमी करा. माळवदाऐवजी कपाटावर चढायला फळी, बळदाऐवजी पुठ्ठ्याचे दोन तोंडांचे खोके, उंदरांऐवजी रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे दोरीचा खेळ. जेवण रोज त्याच वेळेला. मऊ कापड मांजराच्या गालांवर हलके फिरवून त्याच उंचीवर नव्या फर्निचरला पुसा, म्हणजे नकाशा पुन्हा उमटू लागतो. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधीच आतली खोली, पेटी, पाणी आणि जुनी चादर तयार ठेवा. जिथे वारंवार घाण होते ती जागा नीट धुऊन तिथे अन्नाची वाटी ठेवून पाहा. खाण्याच्या जागी मांजर सहसा लघवी करत नाही.

२१/
पाणीही विसरू नका. वाळवंटातला वारसा असलेल्या या प्राण्याला तहान कमी लागते आणि दाट लघवी दुखऱ्या मूत्राशयाला आणखी त्रास देते. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तरी मांजराच्या वाटीतले पाणी रोज बदला, वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि कोरड्या दाण्यांसोबत ओले अन्नही द्या.

२२/
आता शिक्षेविषयी. लघवीत नाक घासणे, चापट मारणे, खोलीत कोंडणे हे उपाय घरोघरी चालत आलेले आहेत. मांजर त्या शिक्षेचा संबंध तासाभरापूर्वीच्या लघवीशी जोडत नाही, तुमच्याशी जोडते. भीतीमुळे होणाऱ्या वर्तनावर भीतीचाच इलाज केला की घाण वाढते. मग राग वाढतो आणि शेवटी पिशवी निघते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, उपासमारीने किंवा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. घरात वाढलेले मांजर रस्त्यावर सोडणे म्हणजे बहुधा हेच.

२३/
मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्या आज्या सांगत. धोका वाटला की पिल्लू तोंडात धरून सुरक्षित आडोसा शोधायचा, हे त्या समजुतीमागचे निरीक्षण. फ्लॅटमधल्या मांजराला दुसरे घर शोधता येत नाही. गादीवरचा ओला डाग ही त्याने त्याच्या भाषेत दिलेली तक्रार आहे. इतिहास शिकणाऱ्यांना एक सवय असते: कागद वाचण्याआधी तो कुणी, कुठे आणि कोणत्या अडचणीत लिहिला, हे विचारायचे. तोच प्रश्न त्या डागाला विचारा, पिशवी शोधण्याआधी. उत्तर बहुतेक वेळा पशुवैद्यकाकडे, एका पसरट टबात आणि थोड्या मातीत सापडते.